सिकलसेल : जनुक सापडलं, औषध गावात कधी?

16 नोव्हेंबर 2023 रोजी ब्रिटनने कॅसजेव्ही या उपचाराला मान्यता दिली. क्रिस्पर तंत्राने जनुकात बदल करून आजारावर इलाज करणारा हा जगातला पहिला मान्यताप्राप्त उपचार. तो सिकलसेल आणि थॅलेसेमिया या रक्ताच्या दोन आनुवंशिक आजारांसाठी आहे. महिन्याभरात अमेरिकेनेही परवानगी दिली आणि तिथली किंमत जाहीर झाली : 22 लाख डॉलर. आपल्या हिशेबात एका रुग्णामागे 18 कोटींच्या वर. आता सिकलसेल आपल्याकडे कुठे आहे ते बघा. नंदुरबारच्या भिल्ल-पावरा पाड्यांवर, मेळघाटात, गडचिरोलीच्या माडिया-गोंड गावांत. विदर्भात अनुसूचित जाती आणि ओबीसी कुटुंबांतही तो बऱ्यापैकी आहे, त्यामुळे ‘हा आदिवासींचा आजार’ म्हणून हात झटकायचं कारण नाही.

आजाराचं मूळ एवढंसं आहे. हिमोग्लोबिन म्हणजे रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं प्रथिन; त्याच्या बीटा साखळीचं जनुक 11व्या गुणसूत्रावर असतं. त्यातलं एक अक्षर बदललं की साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हे दुसरं अमिनो आम्ल येऊन बसतं. असं हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडल्यावर एकमेकांना चिकटून त्याच्या काड्या होतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी होते. वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हाडं, छाती, पोट असह्य दुखतं. त्यालाच दवाखान्यात ‘क्रायसिस’ म्हणतात. आई-वडील दोघांकडून सदोष जनुक आलं तर ‘एसएस पॅटर्न’, म्हणजे रुग्ण. एकाकडूनच आलं तर ‘एएस पॅटर्न’, म्हणजे वाहक. वाहकाला सहसा काही त्रास नसतो.

रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी 1949 मध्येच याला रेणूचा आजार म्हटलं होतं. 1956-57 मध्ये जीवरसायनशास्त्रज्ञ व्हर्नन इनग्रॅम यांनी नेमका बदल शोधला. रेणूच्या पातळीवर उलगडलेला हा पहिला आजार. कारण कळून पाऊणशे वर्षं होत आली तरी उपचार पाड्यावर पोचत नसेल, तर दोष विज्ञानाचा नाही.

कॅसजेव्हीची युक्ती सुंदर आहे. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्यात हा दोष नसतो. जन्मानंतर बीसीएल11ए हे जनुक त्या हिमोग्लोबिनचं उत्पादन दाबून टाकतं. रुग्णाच्या रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी बाहेर काढायच्या, त्यांत हा दाब उठवायचा आणि पेशी परत द्यायच्या. बीसीएल11एचा हा सुगावा लागला तो हजारो सामान्य माणसांचे जनुकीय नमुने ताडून बघताना. त्यात सार्डिनिया बेटावरचे लोकही होते. आपल्याकडच्या बऱ्याच रुग्णांत बाळ-हिमोग्लोबिन मुळातच जास्त असतं आणि काहींचा आजार त्यामुळे सौम्य राहतो, हेही रुग्णांनी रक्त दिलं म्हणून कळलं. ज्यांच्या रक्तावर हे ज्ञान उभं राहिलं त्यांनी त्यावर हक्क सांगितला, तर ती मेहेरबानीची मागणी ठरत नाही.

पण निव्वळ किंमत उतरवून भागणार नाही. बदललेल्या पेशी परत देण्याआधी रुग्णाची अस्थिमज्जा, म्हणजे हाडांतला रक्त तयार करणारा गर, जहाल केमोथेरपीने रिकामी करावी लागते. काही आठवडे दवाखान्यात मुक्काम, संसर्गाची भीती, पुढे मूल होण्याच्या क्षमतेला धोका. अशी सोय जिल्हा रुग्णालयात नसते. रोजावर जाणाऱ्या आई-बापांनी एवढे दिवस शहरात राहायचं कुठे आणि खायचं काय, हा खर्च कुठल्याच किमतीत धरलेला नसतो.

म्हणून माझ्या मते समान हक्काची लढाई खालच्या पायरीपासून सुरू व्हायला हवी. तिथली पहिली तपासणी सोल्युबिलिटीची. बोटातून थेंबभर रक्त घेऊन नळीतल्या द्रावणात टाकतात आणि नळीमागे रेघांचा कागद धरतात. रेघा स्पष्ट दिसल्या तर निगेटिव्ह, द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. स्वस्त आणि झटपट. पण यातून एएस की एसएस हे कळत नाही, आणि तान्ह्या बाळात बाळ-हिमोग्लोबिन भरपूर असल्याने ही चाचणी फसते. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही यंत्रावरची तपासणी लागते, आणि नमुना तालुक्याच्या पुढे जातो. तो रिपोर्ट परत गावात येईपर्यंतचा काळ हीच खरी गळती. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलला सुरू झालेल्या सिकलसेलविरोधी राष्ट्रीय मोहिमेत 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं. आकडा मोठा आहे, पण तपासणी झाली म्हणजे उपचार झाला असं नव्हे. किती जणांच्या हातात गोळी पडली, तेही मोजा.

ती गोळी म्हणजे हायड्रॉक्सियुरिया. जुनं, पेटंट नसलेलं औषध. तेही बाळ-हिमोग्लोबिनच वाढवतं. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी मुलांवर घेतलेल्या चाचणीत किलोमागे 10 मिलिग्रॅम इतक्या कमी मात्रेतही क्रायसिस आणि रक्त चढवावं लागण्याचे प्रसंग कमी झाल्याचं 2012 मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे आपल्या मुलांसाठीचं उत्तर विदर्भातच सापडलं होतं. औषध रोज घ्यायचं, मधून मधून रक्त तपासायचं. केंद्रावरचा साठा संपला की सगळं विस्कटतं.

आणखी एक बाजू लग्नाची. तपासणीनंतर वाहक असल्याचं कार्ड मिळालं की मुलीचं स्थळ मोडतं, मुलाचं सहसा नाही. समुपदेशनात दोघांची तपासणी आणि गुप्तता दोन्ही नसेल तर कार्ड हा डाग होतो. विम्यातही हाच प्रश्न आहे. आनुवंशिक आजार आहे म्हणून सरसकट दावा नाकारणं हा भेदभाव आहे, असं दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये एका हृदयविकाराच्या प्रकरणात म्हटलं.

वरच्या पायरीवरही हालचाल आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये दिल्लीच्या आयजीआयबी या जनुकांवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेने ‘बिरसा 101’ हा देशी क्रिस्पर उपचार जाहीर केला. तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे देण्याचा करारही तेव्हाच झाला. सरकारी पैशातून झालेल्या अशा संशोधनाच्या करारातच किमतीची कमाल मर्यादा, सरकारी दवाखान्यांत उपचार, रुग्णाचा आणि सोबत्याचा खर्च आणि चाचणीत सहभागी झालेल्यांना पुढची कित्येक वर्षं मोफत तपासणी हे सगळं लिहून घ्यायला हवं. औषध बाजारात आल्यावर घासाघीस करून काही हाती लागत नाही.

तोवर घरात कुणाची सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह आली असेल तर एचपीएलसीचा लेखी रिपोर्ट मागा; प्राथमिक आरोग्य केंद्रावर आशाताईंकडे चौकशी केली तरी चालेल. वाहक असाल आणि मधुमेहासाठी एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी तपासणी) करत असाल, तर डॉक्टरांना आधी तसं सांगा, कारण काही यंत्रांवर तो आकडा चुकीचा येतो.