‘गरीब आहे’ म्हणजे ‘हाकेला येतो’ नव्हे

सकाळी साडेसहाला पुण्यातल्या तळजाई टेकडीच्या पायवाटेवर हे दृश्य नेहमीचं. समोरून ३० किलोचा लॅब्रॅडॉर धावत येतो, त्याची लीश, म्हणजे फिरवताना हातात धरायची दोरी, मालकाच्या गळ्यात लटकलेली असते आणि मालक ४० मीटरवरून ओरडून सांगतो, “घाबरू नका, गरीब आहे, काही करत नाही!” सांगणारा खोटं बोलत नसतो. कुत्रा बहुतेक वेळा गरीबच असतो. पण ज्याच्या हातात लीशवरचा कुत्रा आहे, त्याला त्या घडीला स्वभावाचं प्रमाणपत्र नको असतं. येणारा कुत्रा थांबणार आहे का, एवढंच त्याला कळायला हवं असतं. मजेत धावणारा मोठा कुत्रा ताशी ३० किलोमीटरचा वेग सहज गाठतो, म्हणजे सेकंदाला ८ मीटर. ४० मीटर अंतर ५ सेकंदांत संपतं.

गरीब असणं हा स्वभाव आहे, तर हाकेला येणं ही सवय आहे, आणि ती लावावी लागते. या दोन्ही गोष्टी एकाच कुत्र्यात असतीलच असं नाही. उलट माणसाळलेला, कुत्र्यांत रमणारा कुत्राच जास्त धावत सुटतो, कारण समोरचा प्रत्येक कुत्रा त्याला सवंगडी वाटतो. बुजरा कुत्रा बरेचदा आपणहून वाट सोडतो. म्हणूनच टेकडीवरच्या कुरबुरींच्या मुळाशी चावरे कुत्रे फार कमी असतात. बहुतेक कुरबुरी गरीब पण न ऐकणाऱ्या कुत्र्यांमुळे होतात.

मग हाकेला येणं कशाला म्हणायचं? दुसरा कुत्रा १५-२० मीटरवर दिसतोय, तुम्ही एकदाच नाव घेतलंत, तुमचा कुत्रा दोन-तीन सेकंदांत वळून निघाला आणि जवळ येऊन त्याने गळ्यातल्या पट्ट्याला हात लावू दिला. दहापैकी नऊ वेळा हे घडत असेल तर तो हाकेला येतो. फ्रिज उघडल्याच्या आवाजाने येणं यात धरू नका. चौथ्या हाकेला येणंही धरू नका, कारण तेवढ्या वेळात तो समोरच्याच्या अंगावर पोचलेला असतो. पट्ट्याला हात लावू देण्याची अटही महत्त्वाची आहे. पुष्कळ कुत्रे येतात, पण हातभर लांब नाचत राहतात आणि लीश दिसली की पुन्हा पळतात.

लीशवरच्या कुत्र्याचं काय होतं

मोकळे दोन कुत्रे कसे भेटतात ते एकदा नीट पाहा. ते नाकासमोर सरळ चालत जात नाहीत. थोडा वळसा घेतात, नजर बाजूला नेतात, मधेच जमीन हुंगतात, अंग कमानीसारखं वाकवतात आणि एकमेकांच्या शेपटीच्या बाजूने पोचतात. भेटायचं नसेल तर लांबूनच निघून जातात. लीशवरच्या कुत्र्याला यातलं काहीच जमत नाही. वाट दीड मीटर रुंद, लीशही तेवढीच लांब, एका कडेला गिरिपुष्पाची दाटी आणि मालक सरळ चाललेला, म्हणून कुत्र्यालाही सरळच जावं लागतं. त्यात मालकाने घाबरून लीश आवळली की मान मागे खेचली जाते, छाती पुढे येते, डोकं वर उचललं जातं आणि पुढचे पाय हलके होतात. कुत्र्यांच्या देहबोलीत अशी ठेवण भांडणाच्या तयारीची असते. धावत येणाऱ्याला त्यात आव्हान दिसतं. इकडे लीशवरच्याला पळायला जागा नसते, म्हणून तो आधी भुंकतो, आणि तेवढ्यानेही समोरचा हटला नाही तर दात दाखवतो.

याचा अर्थ लीशवर भुंकणारा प्रत्येक कुत्रा चावरा आहे असा नव्हे. तोच कुत्रा मोकळ्या मैदानात शांतपणे हुंगाहुंगी करताना दिसेल. लीश लावण्यामागची कारणंही बाहेरून दिसत नाहीत. कुणाचे टाके ओले असतात, कुणी गोचीड तापातून उठलेला असतो, कुणाची मागची सांधेदुखी धक्क्याने उफाळते, कुणी रस्त्यावरून घरात येऊन महिनाच झालेला असतो. त्यामुळे लीशवाल्या मालकाकडे कारण मागू नये. लीश दिसली की अंतर ठेवायचं, एवढं पुरे.

मोकळा सोडणाऱ्याने काय करायचं

लीश हातात ठेवा, पिशवीत नको. दुसरा कुत्रा दिसताक्षणी आपल्या कुत्र्याला हाक मारा. समोरचा लीशवर आहे की नाही हे निरखत बसाल तर ५ सेकंदांतले ३ तिथेच जातात. लीश लावा, वाटेची एक कडा धरा आणि कुत्र्याला समोरच्यापासून लांबच्या बाजूला घ्या, म्हणजे मधे दोन माणसं येतात. वळणावर किंवा चढाच्या माथ्यावर जिथे पुढचं ३० मीटरदेखील दिसत नाही, तिथे आधीच लीश लावलेली बरी.

भेट घडवायची असेल तर लांबूनच विचारा, “भेटू द्यायचं का?” समोरच्याने “नको” म्हटलं तर “बरं” म्हणून पुढे जा. “अहो, काही नाही होत, एकदा हुंगू दे” हा आग्रह नको. त्यांच्या कुत्र्याला ते तुमच्यापेक्षा चांगलं ओळखतात. “हो” आलं तर दोन्ही लीश सैल सोडा, इतक्या की मधे झोळ दिसला पाहिजे. मनात तीन अंक मोजा आणि आपापल्या कुत्र्याला हाक मारून बाजूला घ्या. दोघंही सैल अंगाने परत वळले तर पुन्हा भेटू द्यायला हरकत नाही. तोंड सैल, उघडं आणि पुढचं धड खाली वाकवून ढुंगण वर केलेलं असेल तर खेळायचं निमंत्रण आहे. तोंड मिटलेलं, अंग गोठलेलं आणि डोळ्यांचा पांढरा भाग कडेला दिसतोय, तर भेट तिथेच संपवा. शेपटी हलतेय म्हणजे खूश आहे, ही समजूत इथे दगा देते. ताठ, उंच धरलेली आणि तुटक हलणारी शेपटी ताणाची खूण आहे.

माजावर असलेल्या मादीला मोकळं सोडूच नका. त्या दिवसांत आसपासच्या नरांची हाकेला येण्याची सवयही कामी येत नाही.

लीशवाल्याने काय करायचं

पहिली चूक म्हणजे लीश मनगटाला दोन वेढे देऊन आवळणं. वर सांगितलेली भांडणाची ठेवण त्यातूनच तयार होते. लीश आखूड धरा, पण ताणू नका. कुत्र्याला घेऊन गोल वळा आणि आल्या वाटेने चालू लागा. हे वळणं घरासमोर, आजूबाजूला कुणी नसताना, आठवडाभर रोज दहादा करून ठेवलं तर ऐनवेळी जमतं. वळायला जागा नसेल तर कुत्र्याला मागे ठेवून स्वतः मधे उभे राहा आणि येणाऱ्या कुत्र्याच्या नाकासमोर खाऊची मूठभर उधळण करा. विखुरलेले तुकडे टिपण्यात ८-१० सेकंद सहज जातात आणि तेवढ्यात मालक पोचतो.

दुसरी चूक म्हणजे छोट्या कुत्र्याला उचलून घेणं. हात आपसूक तसे जातात, पण वर गेलेल्या कुत्र्याकडे खालचा उडी मारतो आणि नखं-दात तुमच्या हाताला, छातीला लागतात. पॉमेरेनियनसारख्या चिमुकल्यासाठी दुसरा उपाय नसेल तर उचला, पण लगेच पाठ फिरवा आणि चालत राहा.

ओरडायचं असेल तर नेमकं ओरडा. “कुत्रा आवरा!” याचं उत्तर “गरीब आहे हो” असंच येतं. “लीश लावा, माझा आजारी आहे,” असं म्हटलं की समोरच्याला काय करायचं ते कळतं. काही देशांत लीशला पिवळी फीत बांधतात, म्हणजे ‘या कुत्र्याला जागा द्या’. आपल्याकडे ही खूण फारशी कुणाला ठाऊक नाही, त्यामुळे तिच्या भरवशावर राहू नका.

आणि तुमच्या हातात गुंडाळी होणारी ५ मीटरची लीश असेल तर आपला कुत्रा बांधलेला आहे असं समजू नका. तेवढ्या दोरीत कुत्रा वाट ओलांडून दुसऱ्याच्या तोंडाशी जातो. पातळ दोरी पायाला घासली तर कातडी सोलवटते. गर्दीच्या वाटेवर दीड मीटरची साधी पट्टीची लीश बरी.

मोकाट कुत्र्यांचं गणित वेगळं आहे, कारण त्यांच्या बाजूने कुणी लीश लावणार नसतं. त्यांना हद्दीची काळजी असते. लीशवरचा कुत्रा हद्दीच्या कडेकडेने न पळता नेता येतो आणि ते थोडं अंतर भुंकत येऊन थांबतात. मोकळा सोडलेला नेमका त्यांच्या टोळीच्या मधोमध शिरतो.

कायद्याचंही लक्षात असू द्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार आपल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर इजेचा धोका असताना निष्काळजी राहिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय टेकडीवर मोर आहेत, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्यांना संरक्षण आहे. लांडोर पावसाळ्यात जमिनीवरच अंडी घालते. तिला उठवायला चावरा कुत्रा लागत नाही, गरीब पुरतो.

हाक कशी लावायची

हाक बिघडण्याचं एक ठरलेलं कारण आहे. फिरणं संपवायचं तेव्हाच हाक मारली जाते. कुत्रा शिकतो की नाव घेतलं म्हणजे मजा संपली. म्हणून एका फेरीत दहा वेळा बोलवा, नऊ वेळा पनीर किंवा उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा देऊन, पट्टा धरून लगेच “जा” म्हणा, आणि फक्त दहाव्या वेळी लीश लावा. नाव एकदाच घ्यायचं. “मोती, मोती, मोती” असं होत राहिलं की मोतीच्या लेखी तो नुसता आवाज उरतो. उशिरा आला तरी रागवायचं नाही. त्याला उशीर कळत नाही, येण्याबद्दल ओरडा बसला एवढंच कळतं.

सराव १० मीटरच्या लांब दोरीवर करा. ती हार्नेसच्या (छाती-पाठीभोवती बांधायच्या पट्ट्यांच्या) पाठीवरच्या कडीला लावा, गळ्यातल्या पट्ट्याला नको, कारण १० मीटर धावून आलेला झटका मानेवर बसतो. आधी रिकामं मैदान, मग ५० मीटरवर दुसरा कुत्रा, मग ३०, मग २०. एका अंतरावर दहात नऊ जमेपर्यंत पुढे सरकू नका.

जुंपलीच तर

तोंडांच्या मधे हात घालू नका, पट्टाही धरू नका. लीश पायांत गुंतली असेल तर सोडून द्या. दोन्ही मालकांनी एकाच वेळी आपापल्या कुत्र्याचे मागचे पाय मांडीच्या वर धरून उचलायचे आणि गाडा मागे घेतल्यासारखं अर्धवर्तुळात मागे जायचं. एकाने दात रुतवून धरले असतील तर ओढू नका, मांस फाटतं. अशा वेळी तोंडावर पाण्याची बाटली रिकामी करा आणि पकड सुटली की लगेच मागे घ्या.

नंतर केसांत बोटं घालून सगळं अंग तपासा. सुळ्याची जखम वरून मुगाएवढी दिसते, पण आत कातडी स्नायूपासून सुटलेली असते आणि दोन दिवसांत तिथे पू होतो. त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. माणसाला दात लागला असेल तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुवा. हळद, चुना काही लावू नका, आणि लगेच डॉक्टर गाठा. दंडात देतात ती रेबीजची लस ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी घ्यायची असते. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) द्यावं लागतं. चावणाऱ्या कुत्र्याचं लसीकरण झालंय का, हे डॉक्टर पहिल्यांदा विचारतात. म्हणून दोन्ही मालकांनी एकमेकांचा नंबर आणि लसीच्या कार्डाचा फोटो तिथेच, वाटेवरच घ्यायचा.