उजाड गावांचा दोष प्लेगवर कशाला?
इंग्लंडच्या ग्रामीण पॅरिशमध्ये (एका चर्चच्या अखत्यारीतील वस्त्यांच्या परिसरात) कुरणात जुन्या घरांचे उंचवटे आणि एकटेच उभे चर्च दिसले, की ‘हे गाव १३४८-४९ च्या प्लेगने संपले’ असे सर्रास सांगितले जाते. यॉर्कशरमधील व्हॅरम पर्सी या अशाच उजाड गावी १९५० पासून चाळीस वर्षे चाललेल्या उत्खननाने हा समज खोटा ठरवला. प्लेगने तेथे माणसे दगावली हे खरेच. परंतु गाव त्यानंतरही सुमारे दीड शतक नांदते होते, आणि धान्यापेक्षा लोकर किफायतशीर ठरू लागल्यावर, १५०० च्या आसपास, जमीनमालकांनी शेते मोडून मेंढ्यांची कुरणे केली, तेव्हा उरलीसुरली कुटुंबे हुसकावली गेली. त्या कुळांवरचा अन्याय रोगाच्या नावाखाली झाकला जावा, हे मला फार खटकते. चर्च मात्र पॅरिशमधील इतर वस्त्यांसाठी विसाव्या शतकापर्यंत वापरात राहिले.