मोरपिसांच्या विक्रीला मुभा कशी राहिली

मोराचा निळा-हिरवा हा रंगद्रव्याचा रंग नाही, अशी शंका १६६५ सालीच एका इंग्रज संशोधकाने नोंदवली होती. पीस पाण्यात भिजवलं की झळाळी जाते, सुकलं की परत येते. पक्कं उत्तर २००३ मध्ये मिळालं. पिसाच्या बारीक तंतूंत मेलॅनिनच्या (एका काळसर रंगद्रव्याच्या) कांड्या जाळीसारख्या रचलेल्या असतात, आणि रंग ठरतो तो या रचनेवरून. त्यांच्यातलं अंतर सुमारे १४० नॅनोमीटर असेल तर निळा दिसतो, १६५ च्या आसपास पिवळा. ही रचना मेलेल्या केराटिनमध्ये, म्हणजे नखं-केस ज्याचे असतात त्या प्रथिनात, असल्यामुळे गळलेलं पीसही वर्षानुवर्षं तसंच राहतं. पोथीत ठेवा, वासुदेवाच्या टोपीत खोचा, दर्ग्यातल्या मोरचेलाला (मोरपिसांच्या झुबक्याला) बांधा. बाजाराची सगळी भिस्त या न उडणाऱ्या रंगावरच आहे.

पावसाळ्यात वीण संपत आली की, साधारण ऑगस्टपासून, पिसारा झडू लागतो. खालून नवा कोंब येतो, जुनं पीस सुटून पडतं. एका नराची शे-दीडशे पिसं अशी रानात, बांधावर विखुरतात.

१९६३ मध्ये मोर राष्ट्रीय पक्षी झाला, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत, बसवलं. इथवर वाद नाही. वाद सुरू होतो १९८६ च्या दुरुस्तीपासून. संरक्षित प्राण्यांच्या अवयवांचा व्यापार तेव्हा बंद झाला. वाघनख, कातडी, सगळं. मोराच्या शेपटीची पिसं मात्र त्यातून वगळली. कारणं समजण्यासारखी होती. दिगंबर जैन मुनींची पिंछी (जीवजंतू अलगद बाजूला सारायची झाडणी) मोरपिसांचीच असते, आणि पंखे-झुंबरं बनवणाऱ्या कारागिरांचं पोट त्यावर आहे. पण त्या कलमात ‘आपोआप गळलेली’ असे शब्दच नाहीत. (पिसारा ही खरं तर शेपूट नव्हेच, ती शेपटीवरची आच्छादनपिसं, त्यावर मात्र कुणी भांडलं नाही.) मोर मारणं किंवा त्याच्या अंगाचा भाग काढणं शिकारीत मोडतं, म्हणून उपटलेलं पीस बेकायदा. गळलेलं आणि उपटलेलं ओळखायचं कसं, हे कायदा सांगत नाही. विकणाऱ्याकडे परवाना लागत नाही, पावती तर दूरच.

पुढे निर्यात बंद झाली. देशातल्या विक्रीची सवलतही काढावी, अशी मागणी वन्यजीवप्रेमींनी वारंवार केली. धार्मिक गटांचा विरोध तितकाच ठाम राहिला. दोन्ही बाजूंना भावना आहेत, पण विषबाधेने मेलेले मोर सापडतात तेव्हा काही वेळा पिसारा गायब असतो, हे विसरून चालत नाही.

तपासणी अशक्य नाही. गळलेल्या पिसाचं बूड कोरडं, स्वच्छ असतं. ओढून काढलेल्याला रक्ताचा किंवा मांसाचा अंश चिकटलेला असतो आणि तो प्रयोगशाळेत सापडतो. अडचण एवढीच, की पंखा किंवा जुडी बांधताना देठ खालून छाटले जातात. वनखात्याच्या हाती माल येतो तो बूड कापलेला.