आइसलँड प्रारूप

किशोरवयीन मुलांचे मद्यपान रोखण्यासाठी आइसलँडमध्ये १९९० नंतरच्या दशकात आकारास आलेली सामुदायिक कार्यपद्धती. दारूचे दुष्परिणाम मुलांना पढवण्यापेक्षा त्यांचे घर, शाळा, सोबती आणि मोकळा वेळ यांकडे ती लक्ष देते. १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी मागील महिन्यात झिंगेपर्यंत प्यालेल्यांचे प्रमाण १९९८ मध्ये ४२ टक्के होते. २०१६ मध्ये ते ५ टक्क्यांवर आले.

उगमाविषयी मतभेद आहेत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हार्वे मिल्कमन यांनी नशेऐवजी नृत्य, संगीत, खेळ यांतून मिळणाऱ्या उत्तेजनेचा विचार मांडला. साधारण १९९१ पासून आइसलँडमध्ये त्यांची व्याख्याने झाली, म्हणून काही जण मूळ श्रेय त्यांना देतात. इतरांच्या मते खरा पाया १९९२ पासूनच्या शालेय सर्वेक्षणांचा होय. इंगा डोरा सिग्फुस्डोत्तिर आदी संशोधकांनी ती पुढे नेली. हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. आठवड्यातून तीन-चार वेळा प्रशिक्षकासह खेळ किंवा छंद, आईवडिलांसोबत जाणारा वेळ, शाळेत मिळणारी आपुलकी आणि रात्री उशिरा बाहेर नसणे, हे संरक्षक घटक, म्हणजे मुलांना पिण्यापासून दूर ठेवणाऱ्या गोष्टी, या सर्वेक्षणांतूनच पुढे आले. रात्रीच्या वेळेचा नियम तर या प्रारूपाहूनही जुना; नवी होती ती त्याची अंमलबजावणी.

या नियमानुसार १२ वर्षांपर्यंतच्या मुलांनी रात्री ८ नंतर आणि १३ ते १६ वयाच्या मुलांनी १० नंतर मोठ्यांशिवाय बाहेर राहायचे नाही. १ मे ते १ सप्टेंबर दोन तासांची सवलत असते. शाळा वा क्रीडासंस्थेच्या कार्यक्रमातून घरी परतणाऱ्या १३ ते १६ वयाच्या मुलांना सूट आहे. वय वाढदिवसावरून नव्हे, जन्मवर्षावरून धरतात. त्यामुळे एका वर्गातल्या बहुतेकांना एकच वेळ लागू होते आणि ‘तिला चालते, मग मला का नाही’ हा वाद उरत नाही. या वेळा छापलेली चुंबकपट्टी घरोघरी फ्रिजवर लावलेली असते.

शुक्रवार-शनिवारच्या रात्री पालकांचे गट वस्तीत फेरी मारतात. मुलांना पकडणे हा फेरीचा हेतू नसतो. मोठी माणसे रस्त्यावर दिसली पाहिजेत, एवढाच असतो. शाळेत पालक लेखी करार करतात: अल्पवयीनांना दारू आणून द्यायची नाही, देखरेखीविना पार्टी होऊ द्यायची नाही. वर्गातल्या मोजक्याच पालकांनी सही केली तर करार फोल ठरतो, कारण पार्टी सही न केलेल्या घरी भरते. घरी थोडी प्यायला दिली की मूल जबाबदारीने पिते, हा समजही येथे घातक ठरतो.

सर्वेक्षण निनावी असते. निकाल प्रत्येक पालिकेला आणि शाळेला स्वतंत्रपणे, काही आठवड्यांतच द्यावे लागतात. वर्षभराने आकडे आले तर तोवर ती मुले पुढच्या वर्गात गेलेली असतात. खेळाचे शुल्क परवडावे म्हणून रेक्याविक पालिका प्रत्येक मुलामागे वार्षिक अनुदान देते. दारू खरेदीचे वय २० असून बहुतेक विक्री सरकारी दुकानांतून होते, याचाही हातभार आहे.

परिणामाचे सर्व श्रेय प्रारूपाला देता येत नाही. २००० नंतर नॉर्वे, स्वीडन येथेही किशोरांचे पिणे घटले. आइसलँडमधील घट मात्र त्याआधी सुरू झाली आणि अधिक खोल गेली. १६ वर्षांनंतर, उच्च माध्यमिक शाळेत गेल्यावर, पिण्याचे प्रमाण वाढते. २००६ पासून यूरोपातील काही शहरांनी आणि पुढे चिलीनेही हे प्रारूप स्वीकारले.