टेनर वर, बेस तळाशी, बॅरिटोन मिळेल तिथे

१९४५ साली अमेरिकेतल्या टल्सा शहरात एडना मे अँडरसन यांच्या पुढाकाराने काही बायका बार्बरशॉप, म्हणजे वाद्यांशिवाय चार आवाजांत गायचा प्रकार, गायला जमल्या. पुरुषांची संघटना तिथेच १९३८ मध्ये निघाली होती, पण तिच्यात बायकांना प्रवेश नव्हता. त्यातून ‘स्वीट ॲडलाइन्स’ ही बायकांची संघटना उभी राहिली.

बायकांनी हा प्रकार उचलला, तशी आवाजांची पुरुषी नावंही उचलली. त्यामुळे सोप्रानो-आल्टो या बायकांच्या आवाजांच्या नेहमीच्या पाश्चात्त्य नावांची सवय असलेला माणूस इथे हमखास चक्रावतो. मूळ चाल लीडकडे. तिच्या वर, हलक्या आवाजात टेनर. तळाशी बेस, स्त्रियांचा बेस १६५ हर्ट्झच्या (सेकंदाला १६५ कंपनांच्या) आसपास उतरतो. बॅरिटोनच्या वाट्याला उरलेला सूर येतो, मग तो कधी लीडच्या वर, कधी खाली. बॅरिटोनची ओळ सुटी ऐकली तर गाणं ओळखूही येत नाही. माझ्या मते सगळ्यांत अवघड काम तिचंच.

ही सगळी खटपट एका स्वरसंगतीसाठी चालते. तिच्यातल्या चार सुरांच्या कंपनांचं प्रमाण ४:५:६:७. म्हणजे समजा २००, २५०, ३०० आणि ३५० हर्ट्झ. गळ्यातून सूर निघतो तेव्हा त्याच्या दुप्पट, तिप्पट कंपनांचे अधिस्वरही सोबत येतात. तानपुऱ्याच्या खरजातून ऐकू येणारा स्वयंभू गंधार असाच, पाचपटीतला. आता २०० ची सातपट १४००, आणि ३५० ची चौपटही १४००. दोन गळ्यांचे अधिस्वर एकावर एक बसतात आणि तो सूर कोणीच गात नसताना कानात वाजू लागतो. पियानोच्या पट्टीत मात्र चौथा सूर ३५६ च्या पुढे जातो. त्याची चौपट १४२५. १४०० शी तिची टक्कर होते आणि आवाज खरखरीत लागतो. साथीला वाद्य नसल्यामुळे गायिका सूर हवा तितका उतरवू शकतात. चौघींनी स्वरवर्णही (शब्दातला अ, आ, इ) एकसारखा उच्चारावा लागतो, नाहीतर वेगवेगळे अधिस्वर उठून दिसतात.

बायकांपुढे आणखी एक अडचण असते. मूळ सूर उंच असला की अधिस्वर एकमेकांपासून लांब पडतात, वीण विरळ होते. म्हणून बेसचा आवाज भरदार हवा. उलट उंच सुरांना आपला कान जास्त तीक्ष्ण असल्यामुळे टेनरला जोर आवरूनच गावं लागतं.