"शांतीराणी" लितानीत कधी आली? युद्धकाळातल्या कॅथलिक प्रार्थनेची पार्श्वभूमी

कुठेही युद्ध पेटलं की चर्चमध्ये काही गोष्टी ठरल्यासारख्या सुरू होतात. रविवारच्या मिस्सात (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) श्रद्धावंतांच्या विनंत्यांमध्ये त्या देशाचं नाव येतं, रोझरी (मण्यांच्या माळेवरची प्रार्थना) शांतीसाठी अर्पण होते, एखाद्या शुक्रवारी उपवास जाहीर होतो, पवित्र साक्रामेंतासमोर (वेदीवर ठेवलेल्या पवित्र भाकरीसमोर) तासभर आराधना होते. आणि मग कुणीतरी विचारतंच, तिकडे बॉम्ब पडतायत आणि आपण इथे मणी ओढत बसलोय, याने काय होणार? प्रश्न रागातून येतो पण खरा आहे, मलाही पडलेला आहे. म्हणून या प्रार्थना मुळात आल्या कुठून ते बघत गेलो तर एक गोष्ट सारखी दिसत राहिली, यातल्या कितीतरी प्रार्थना कुठल्या ना कुठल्या युद्धात रुजल्यात, आणि ज्यांनी त्या तेव्हा म्हटल्या त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी सोबत काहीतरी काम पण अंगावर घेतलं होतं.

सुरुवातीचा काळ थोडक्यात सांगतो. इ.स. २९५ मध्ये उत्तर आफ्रिकेत माक्सिमिलियन नावाच्या २१ वर्षांच्या मुलाने मी ख्रिस्ती आहे, सैन्यात भरती होणार नाही असं तोंडावर सांगितलं आणि त्याचं डोकं उडवलं गेलं. पुढे रोमन साम्राज्यच ख्रिस्ती झालं आणि प्रश्न बदलला, आता राज्य राखायचं कसं. संत ऑगस्टिन आणि नंतर संत थॉमस अक्वायनस यांनी युद्ध कधी न्याय्य म्हणता येईल याच्या अटी मांडल्या. हेतू लगाम घालायचा होता, पण पुढे राजांनी त्या अटी परवान्यासारख्या वापरल्या हे मान्य करावंच लागतं. ९८९ मध्ये फ्रान्समधल्या शारूच्या धर्मसभेत बिशपांनी ठरवलं की जो चर्च लुटेल, गरीब शेतकऱ्याची जनावरं पळवेल, नि:शस्त्र धर्मगुरूवर हात टाकेल तो ख्रिस्तसभेच्या, म्हणजे चर्चच्या, बाहेर. १०२७ मध्ये शनिवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ लढाई बंद असा नियम आला, पुढे तो बुधवार संध्याकाळपासून लागू केला गेला. साधारण याच शतकांमध्ये मिस्सातल्या "देवाच्या कोकरा" या प्रार्थनेच्या तिसऱ्या ओळीत "आम्हावर दया कर" च्या जागी "आम्हाला शांती दे" आलं. आपण ते दर रविवारी म्हणतो आणि पुढे सरकतो. आणि हो, याच ख्रिस्तसभेतून १०९५ मध्ये धर्मयुद्धाची हाक पण दिली गेली, ते लपवून हा इतिहास सांगता येणार नाही. त्याच धर्मयुद्धांच्या काळात, १२१९ मध्ये, असिसीचे संत फ्रान्सिस इजिप्तमध्ये दामिएत्ताजवळ शत्रूची फळी ओलांडून नि:शस्त्र सुलतान अल-कामिलला भेटायला गेले आणि जिवंत परत आले.

आता पहिलं महायुद्ध, इथे मला जरा थांबायचंय कारण आपल्या हातातल्या बऱ्याच गोष्टी इथल्या आहेत.

सप्टेंबर १९१४ मध्ये, युद्ध सुरू होऊन महिना झाला होता, पंधरावे बेनेडिक्ट पोप झाले. दोन्ही बाजूंना कॅथलिक, दोन्ही बाजूंना चॅपलन (सैन्यातले धर्मगुरू), एकाच देवाकडे एकमेकांच्या पराभवाची प्रार्थना. त्यांनी नाताळपुरता तरी गोळीबार थांबवा म्हणून विनवलं, सरकारांनी ऐकलं नाही. मग १९१५ च्या सुरुवातीला त्यांनी शांतीसाठी एक प्रार्थना लिहून सगळ्या चर्चना पाठवली, आणि फ्रान्समध्ये तर सुरुवातीला तिच्या प्रती जप्त झाल्या! प्रार्थनेने सैनिकांची लढायची जिद्द कमी होईल अशी सरकारला भीती. मणी ओढून काय होणार असं म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं, सरकारला त्या कागदाची भीती वाटली होती.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी प्रत्येक धर्मगुरूला मृत भाविकांच्या दिवशी, २ नोव्हेंबरला, तीन मिस्सा अर्पण करायची परवानगी दिली. मेलेल्यांची संख्याच इतकी होती. ही परवानगी आजही चालू आहे. म्हणजे तुमचे धर्मगुरू २ नोव्हेंबरला तिसऱ्या मिस्साला उभे राहतात ना, ती मिस्सा खंदकांतल्या मृतांमुळे आली आहे. आणि ५ मे १९१७ च्या पत्रात त्यांनी पवित्र मारियेच्या लितानीत, म्हणजे तिला एकेका नावाने हाक मारत म्हणायच्या प्रार्थनेत, "शांतीराणी, आम्हांसाठी विनंती कर" ही हाक कायमची घालायला सांगितलं. आठ दिवसांनी, १३ मे ला, पोर्तुगालमधल्या फातिमात तीन गुराखी मुलांना मारिया मातेचं पहिलं दर्शन झालं, आणि युद्ध संपावं म्हणून रोज रोझरी म्हणा हाच तिचा निरोप होता.

पण पोप नुसते लिहीत बसले नाहीत. व्हॅटिकनमध्ये कैद्यांचा आणि बेपत्ता सैनिकांचा पत्ता लावणारं ऑफिस उघडलं, घरच्यांची लाखो पत्रं तिथून गेली आली, आजारी आणि जखमी कैद्यांना स्वित्झर्लंडला हलवायची व्यवस्था लावली. १ ऑगस्ट १९१७ ला सगळ्या लढणाऱ्या देशांना ठोस मुद्द्यांची नोट पाठवली, शस्त्रं कमी करा, वाद लवादाकडे न्या, बळकावलेला प्रदेश परत करा, आणि या युद्धाला "निरर्थक कत्तल" म्हटलं. बदल्यात काय मिळालं तर फ्रान्समध्ये जर्मनांचा पोप आणि जर्मनीत फ्रेंचांचा पोप अशी नावं. डिसेंबर १९१७ मध्ये पॅरिसमधल्या एका मोठ्या चर्चमध्ये सर्तियांज नावाच्या प्रसिद्ध डोमिनिकन धर्मगुरूंनी व्यासपीठावरून सरळ सांगितलं की पवित्र पित्या, तुमची शांतीची हाक आम्ही सध्या मानू शकत नाही. हे वाचताना मला फार वाईट वाटतं, कारण तिथे बसलेल्यांच्या घरोघरी माणसं गेलेली असणार, त्यांचा रागही कळतो.

"हे प्रभो, मला तुझ्या शांतीचं साधन कर" ही प्रार्थना पण याच काळातली. ती संत फ्रान्सिसची नाही. १९१२ मध्ये पॅरिसच्या एका छोट्या धार्मिक मासिकात ती लेखकाच्या नावाशिवाय आली, जानेवारी १९१६ मध्ये व्हॅटिकनच्या वर्तमानपत्राने छापली, आणि पुढे संत फ्रान्सिसच्या चित्रामागे छापली गेल्याने त्यांच्या नावावर गेली.

दुसऱ्या महायुद्धात प्रश्न एकेका माणसाच्या अंगावर आला. फ्रान्झ येगरश्टेटर, ऑस्ट्रियातल्या सांक्ट राडेगुंड गावचा शेतकरी, चर्चची घंटा आणि वेदीचं बघणारा, तीन मुलींचा बाप. हिटलरचं युद्ध अन्यायाचं आहे, त्यात मी हत्यार उचलणार नाही, असं तो म्हणाला, जखमींची सेवा करायची तयारी दाखवली पण ती मान्य झाली नाही. खुद्द बिशपांनी त्याला घराचा विचार कर म्हणून समजावलं. ९ ऑगस्ट १९४३ ला त्याचा शिरच्छेद झाला. बायको फ्रान्झिस्का गावाची नाराजी सोसत राहिली, तिला विधवेची पेन्शन १९५० पर्यंत मिळाली नाही. २००७ मध्ये लिंझला त्याला धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं तेव्हा ९४ वर्षांची ती तिथे हजर होती. त्याला अडवणारे पण कॅथलिक आणि शेवटी त्याला हा मान देणारे पण कॅथलिक, हे मला विसरता येत नाही.

युद्ध संपत आलं तेव्हा फ्रान्समध्ये मार्थ दोर्तेल-क्लोदो या शिक्षिकेने एक गट सुरू केला, कशासाठी तर जर्मनीसाठी प्रार्थना करायला. १९४५ चं फ्रान्स, आणि जर्मनीसाठी प्रार्थना! नाझींच्या छावणीत राहून आलेले बिशप पिएर-मारी तेआस तिच्या पाठीशी उभे राहिले, आणि त्यातून पाक्स क्रिस्ती ही चळवळ झाली, जी आज अनेक देशांत काम करते.

पुढे ऑक्टोबर १९६२ मध्ये क्युबाच्या क्षेपणास्त्रांवरून जग अणुयुद्धाच्या काठावर आलं, पोप तेविसाव्या जॉन यांनी रेडिओवरून दोन्ही बाजूंना विनवलं आणि ११ एप्रिल १९६३ ला, कॅन्सरने खंगलेले असताना, शांतीवरचं परिपत्रक काढलं, तेही सगळ्या सदिच्छेच्या माणसांना उद्देशून. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या बिशपांच्या सभेने) सबंध शहरं बेचिराख करण्याचा निषेध केला आणि सद्सद्विवेकामुळे हत्यार न उचलणाऱ्यांसाठी कायद्यात जागा हवी असं म्हटलं, येगरश्टेटरच्या मरणानंतर २२ वर्षांनी. १९६८ पासून १ जानेवारी हा जागतिक शांती दिन झाला.

कामाचं म्हणाल तर मोझांबिकचं उदाहरण मला सगळ्यात जवळचं. तिथलं यादवी युद्ध थांबवायला रोममधल्या संत एजिदियो या प्रापंचिकांच्या (धर्मगुरू नसलेल्या साध्या भाविकांच्या) समूहाने, जो रोज संध्याकाळी एकत्र प्रार्थना करतो आणि गरिबांना जेवू घालतो, सरकार आणि बंडखोरांना एका जुन्या कॉन्व्हेंटमध्ये समोरासमोर बसवलं. सव्वादोन वर्षं बोलणी चालली. ४ ऑक्टोबर १९९२ ला, संत फ्रान्सिसच्या सणादिवशी, सह्या झाल्या.

सगळीकडे असं यश आलं नाही. २००३ मध्ये पोप दुसऱ्या जॉन पॉल यांनी राखेच्या बुधवारी (ईस्टरआधीच्या उपासकाळाच्या पहिल्या दिवशी) उपवास सांगितला, वॉशिंग्टनला कार्डिनल पाठवला, तरी दोन आठवड्यांत इराकवर हल्ला झालाच. सप्टेंबर २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी सिरियासाठी उपवास आणि जागरण ठेवलं, तिथलं युद्ध पुढेही कितीतरी वर्षं चाललं.

ऑक्टोबर २०२३ नंतर मात्र फ्रान्सिस यांनी अजून एक गोष्ट केली, गाझातल्या पवित्र कुटुंब चर्चला जवळजवळ रोज संध्याकाळी फोन. चर्चच्या आवारात शेकडो लोक आसऱ्याला होते. फोनवर मोठं प्रवचन नसायचं, कसे आहात, आज काय जेवलात एवढं विचारायचे, आशीर्वाद द्यायचे. हॉस्पिटलमध्ये असतानाही जमेल तसा फोन व्हायचा. शेवटचा फोन १९ एप्रिल २०२५ ला, ईस्टरच्या आदल्या संध्याकाळी आला, आणि सोमवारी सकाळी ते गेले.