सावलीतल्या रोपाची शिल्लक

जंगलातील मोठी झाडे जमिनीखाली मुळांना जोडणाऱ्या बुरशीच्या जाळ्यातून आपल्या सावलीतील रोपांना अन्न भरवतात, असे सांगणारे लेख आणि चित्रफिती अलीकडे सतत दिसतात. कल्पना मोहक आहे. परंतु २०२३ साली प्रत्यक्ष जंगलांतील प्रयोगांचा आढावा घेणाऱ्या संशोधकांना तिच्यासाठी पुरेसा पुरावा सापडला नाही. रोप सावलीत कसे तगते, याचे अधिक भक्कम उत्तर त्याच्या स्वतःच्या खोडामुळांत आहे आणि माझ्या मते ते अधिक विलक्षणही आहे.

घनदाट सदाहरित जंगलाच्या तळाशी उघड्यावरील उन्हाच्या जेमतेम एक-दोन टक्के प्रकाश पोहोचतो. प्रकाशसंश्लेषणातून मिळणारी साखर श्वसनाच्या खर्चाला कशीबशी पुरते, आणि मिळकतीचा मोठा वाटा काही मिनिटे अंगावर पडणाऱ्या कवडशांतून येतो. अशा ठिकाणी सावलीतही भराभर वाढणारे रोपच टिकेल, असे आपण गृहीत धरतो. पनामातील बारो कोलोरॅडो बेटावरील १३ वृक्षजातींच्या रोपांचा वनस्पतिशास्त्रज्ञ काओरू किताजिमा यांनी केलेला अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा चित्र उलटे निघाले: उन्हात झपाट्याने वाढणाऱ्या जाती सावलीतही इतरांपेक्षा वेगाने वाढत होत्या, पण त्यांचीच रोपे अधिक मरत होती.

वेगाने वाढणारे रोप हाती आलेली साखर पातळ, रुंद पानांत गुंतवते आणि अळीने ती पाने खाल्ली की उघडे पडते. सावलीत टिकणारे रोप चिवट पाने, घट्ट लाकूड आणि भक्कम मुळे घडवते, शिवाय वाढ आवरून बरीचशी साखर पिष्टाच्या, म्हणजे स्टार्चच्या, रूपात साठवते. पिष्टच का? साखर पाण्यात विरघळते, त्यामुळे तिचा मोठा साठा झाल्यास परासरणाने पाणी आत खेचले जाऊन पेशीवर ताण येतो. उलट, ग्लुकोजचे असंख्य रेणू साखळीत जोडून बनलेला पिष्टाचा कण न विरघळता पेशीत पडून राहतो. गरज पडताच विकरे (एन्झाइम) ती साखळी तोडतात, साखर मोकळी होते आणि रसवाहिन्यांतून सुप्त कळ्यांपर्यंत पोहोचते. शाळेत बटाट्यावर आयोडीन टाकल्यावर दिसणारा निळा-काळा रंग अशा मुळाच्या पातळ कापावरही उमटतो.

जोनाथन मायर्स आणि किताजिमा यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सात जातींच्या पहिल्या वर्षातील रोपांपैकी काहींची सर्व पाने काढून टाकली, तर काहींना उघड्यावरील उन्हाच्या केवळ ०.०८ टक्के प्रकाशात ठेवले. दोन महिन्यांच्या या हालांनंतर ज्या जातींच्या रोपांत साखर, पिष्ट अशा कर्बोदकांचा एकूण साठा मोठा होता, त्याच अधिक तगल्या. म्हणून दाट झाडीखाली लावायची रोपे निव्वळ पहिल्या वर्षाच्या उंचीवरून निवडणे मला चुकीचे वाटते.

वरचे झाड कोसळून एकदम ऊन आले, तरी हा साठा उपयोगी पडतो. छायेत घडलेली पाने प्रखर उन्हात करपू शकतात. त्यांच्या जागी उन्हाला साजेशी पाने फुटेपर्यंत रोपाला जुन्या पिष्टावरच निभवावे लागते.